सातांचा भागाकार

काहींना गुलाबाच्या कलमांचा नाद असतो, काहींना जुन्या नाण्यांचा. आमच्या शेजारचे एक गृहस्थ आगगाडीची जुनी वेळापत्रके जमवतात. मला नाद आहे तो एका आकड्याचा. १,४२,८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन. हा माझ्या बँकेतल्या शिलकेचा आकडा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर ऐन दिवाळीत वर्गणीवाल्यांची दारात रांग लागायची.

मी जन्मभर एका कचेरीत हिशेबनीस होतो. लक्षावधी आकडे डोळ्यांखालून गेले आणि विसरलेही गेले. हा एकच काय तो मनाला चिकटून बसला. तो मला भेटला तलवाड्याला, १९६३ सालच्या दिवाळीत. आणि त्याच्याकडे नीट कसे पाहावे हे मला कळले ते साठ-एक वर्षांनी, त्याच गावात, दुसऱ्या एका दिवाळीत.

तलवाडा हे आमचे मूळ गाव. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. गावात त्वरितादेवीचे देऊळ आहे आणि गावाच्या बाहेर आमचे शेत. आजोबांना सात मुलगे. आबा, अण्णा, तात्या, नाना, भाऊ, दादा आणि बापू. घरातल्या एखाद्या सुनेने ‘अहो’ म्हणून हाक मारली की सातजण एकदम वळून पाहतात, असे आजी म्हणे. यांतले चौथे, नाना, ते माझे वडील. ते नोकरीच्या निमित्ताने पुण्याला आले आणि आम्ही पुण्याचे झालो. दिवाळीला मात्र तलवाड्याला जायचे, हा नेम.

आजोबांनी ऐन उमेदीत एका आडत दुकानात मुनीमगिरी केली होती. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सारे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडे निजामाचे राज्य होते आणि निजामाचा हाली रुपया चालत असे. बाहेरच्या मुलखात इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा दर; म्हणजे सुटसुटीत सांगायचे तर सात हालीचे सहा कलदार. कापूस विकायला बाहेर पाठवायचा तर पदोपदी सातांनी भागण्याचा प्रसंग. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, पुढे हाली रुपयाही गेला, पण सातांवरचा आजोबांचा राग काही गेला नाही. “सात ही मोठी खट संख्या,” ते म्हणत. “कितीबी भागा, पदराला काहीतरी लागूनच राहतं.”

आणि देवाची करणी अशी की वाटण्या करायची वेळ आली तेव्हा त्यांच्यापुढे भाजक उभा राहिला तो सातांचाच!

त्या वर्षी लक्ष्मीपूजन झाल्यावर आजोबांनी सातही मुलांना ओसरीवर बसवले. मी दहा वर्षांचा. शाळेत नुकतेच दशांश अपूर्णांक शिकलो होतो आणि ते कोणाला तरी दाखवावेत म्हणून हात शिवशिवत होते. आजोबांनी पाटी माझ्या हातात दिली. ओसरीवर अंधार होता. आत्या दिवाळीला माहेरी आली होती. तिने माझ्या डोक्यावर कंदील धरला.

“पंचवीस एकर जमीन. गुंठे किती?”

“एकराचे चाळीस गुंठे. एक हजार.”

“भाग सातानं.”

मी भागले. एकशे बेचाळीस गुंठे, म्हणजे तीन एकर बावीस गुंठे प्रत्येकी. बाकी सहा.

“सहा गुंठे उरले,” मी म्हणालो, “पण थांबा, आजोबा. मला दशांश येतात.” आणि मी पुढे भागत सुटलो. १४२ पूर्णांक, मग ८५७, मग १४२, मग ८५७, मग पुन्हा १४२. पाटी भरली. मी ती उलटी केली. दुसरी बाजूही भरली. काका लोक जांभया देऊ लागले. आजोबा मात्र वाकून पाहत होते.

“अरे, हे तर फिरून फिरून तेच यायलंय,” ते म्हणाले.

आता मला त्याचे कारण सांगता येते. सातांनी भागले की बाकी उरणार ती एक ते सहा यांपैकीच. शून्य उरले तर खेळ खलास. पण आपण दहादहांच्या पटीने मोजतो आणि दहाच्या पोटात आहेत फक्त दोन आणि पाच. ज्या भाजकाची घडण केवळ दोन आणि पाच यांच्या गुणाकारातून झालेली असते त्याचाच भाग दशांशात कधी ना कधी संपतो. साताचे दोन-पाचांशी काहीच नाते नाही. तेव्हा शून्य येणे नाही. बाक्या मात्र सहाच. त्या पाळीपाळीने येतात आणि पहिली बाकी पुन्हा आली की सारे रहाटगाडगे पहिल्यापासून सुरू होते. एकाला सातांनी भागा: बाक्या येतात तीन, दोन, सहा, चार, पाच आणि पुन्हा एक. उत्तरात आकडे पडतात एक, चार, दोन, आठ, पाच, सात. हाच तो माझा एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खरी मौज झाली. आजोबांनी मला विचारले, “एकाचा सातवा भाग असा आला. दोनाचा कसा येईल?” मी भागून पाहिले: २८५७१४. तीनाचा? ४२८५७१. आकडे तेच! नुसती सुरुवात निराळी. आत्या शेजारीच रांगोळी काढत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिने माझ्या पाटीकडे एकदा पाहिले आणि रांगोळीने जमिनीवर एक वर्तुळ काढून त्यावर ते सहा आकडे गोल मांडले. “आता कुठूनबी सुरू कर,” ती म्हणाली, “वाटाणा-फुटाण्याच्या खेळावानी.” मी करून पाहिले. १,४२,८५७ ला दोनांनी गुणा, २,८५,७१४. तीनांनी, ४,२८,५७१. चारांनी, ५,७१,४२८. पाचांनी, ७,१४,२८५. सहांनी, ८,५७,१४२. वर्तुळ एकच, फक्त पहिला पाय कोणत्या आकड्यावर टाकायचा तेवढे बदलते. वर्तुळात समोरासमोर बसलेले आकडेही पाहा: एकासमोर आठ, चारासमोर पाच, दोनासमोर सात. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. आणि सातांनी गुणले की काय होते? सगळे आकडे एकदम वेष उतरवून उभे राहतात: ९,९९,९९९.

आजोबा इतके खूष झाले की त्यांनी मला चार आण्यांचे फटाके घेऊन दिले. पैसे नवे झाले होते, पण त्यांच्या तोंडी अजून आणेच होते.

आणि उरलेल्या सहा गुंठ्यांचे काय केले? त्यांतच विहीर होती आणि विहिरीवर एक रायवळ आंबा. आजोबा म्हणाले, “हे सामाईक राहू द्या. पूर्ण भाग गेला असता तर तुम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. बाकी उरली, बरं झालं.” सात भाऊ आणि आठवड्याचे वार सात. विहिरीचे पाणी वाराने वाटले. सोमवार आबांचा, मंगळवार अण्णांचा. नानांच्या, म्हणजे आमच्या, वाट्याला गुरुवार आला. आंबा विकून येईल ते सातांत वाटायचे.

पुढे मोठेपणी कळले की माझा हा आकडा काही माझा एकट्याचा नव्हता. जगातल्या पुष्कळ गणित्यांचे त्याच्याशी सूत जमलेले आहे. आणि त्यांतले एक तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थी असतानाच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. पण पोटासाठी पत्करली शाळामास्तरकी, आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीला ती निष्ठेने केली. विद्यापीठाची मोठी पदवी नाही, हाताशी संशोधनसंस्था नाही. जवळ होते ते कागद, पेन्सिल आणि आकड्यांवरचे निर्व्याज प्रेम. ६१७४ या त्यांच्या आकड्याचे नाव आज जगभर आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले तेव्हा ते पुष्कळांना ठाऊक झाले.

कापरेकरांनी काही संख्यांची एक जातच शोधून काढली. पंचेचाळीसाचा वर्ग करा: २०२५. त्याचे दोन तुकडे पाडा, वीस आणि पंचवीस. बेरीज करा: पुन्हा पंचेचाळीस! म्हणजे घर मोडले, वाटणी केली, तरी तुकडे एकत्र आणले की मूळचे घर उभे. अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. मी एका रविवारी दुपारी, हिने दोनदा चहा गार होऊ दिला तरी न उठता, माझ्या आकड्याचा वर्ग केला. उत्तर आले २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे पाडले: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज केली. १,४२,८५७! मी खुर्चीतून अक्षरशः उडालो. हिला वाटले लॉटरी लागली. तिला समजावून सांगितल्यावर ती “बरं” एवढेच म्हणाली आणि तिसऱ्यांदा चहा गरम करायला गेली.

कापरेकरांनी आणखी एक नाव ठेवले होते: हर्षद संख्या. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, ती हर्ष देणारी संख्या. माझ्या आकड्यातल्या आकड्यांची बेरीज सत्तावीस. सत्तावीसांनी भागा, ५२९१ बरोबर, बाकी शून्य. म्हणजे तीही परीक्षा पास. साताच्या कुळातले आणखी भाजक आहेत. एकाला सतरांनी भागले तर सोळा आकड्यांचे असेच चक्र मिळते. एकोणीस, तेवीस, एकोणतीस हेही तसेच. असे भाजक कधी संपतच नाहीत, असा अंदाज एमिल आर्टिन या गणित्याने १९२७ साली ज्या मोठ्या सिद्धान्ताच्या रूपाने मांडला, तो अजून कोणाला सिद्ध करता आलेला नाही. थोरामोठ्यांची ही गत, तर तलवाड्याच्या ओसरीवर आमची पाटी भरली यात नवल ते काय?

आता थोडे कडू सांगायला हवे. १९७२ सालचा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी पाहिला त्यांना त्याबद्दल सांगायला नको. आमची विहीर तळाला गेली. बापूकाकांनी गुरे जगवण्यासाठी आमच्या गुरुवारचे पाणी काढले. पुण्यात नळाखाली बादली लावून बसलेल्या आम्हांला त्या पाण्याचा काय उपयोग होता? पण कोणीतरी वडिलांच्या कानाशी लागले, आणि त्यांनी भावाला पत्र लिहिले: ‘गुरुवारच्या पाण्याचे काय ते कळवावे.’ ते पत्र पोस्टात टाकायला मीच गेलो होतो. ते टाकू नये, असे मला वाटले होते, मी टाकले.

उत्तर आले नाही. पुढे एका उन्हाळ्यात आंबा शंभर रुपयांना गेला आणि बापूकाकांची मनीऑर्डर आली. रुपये चौदा, पैसे अठ्ठावीस. कुपनावर लिहिले होते: ‘सातवा वाटा. बाकी पैसे चार सामाईक खाती जमा.’ माझाच आकडा, पण त्या दिवशी तो ओळखू येईना. वडिलांनी मनीऑर्डर परत केली. तेव्हापासून दोघे भाऊ बोलले नाहीत. वडील गेले, बापूकाका गेले. सातही गेले. तलवाड्याची आमची दिवाळी संपली ती संपलीच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बापूकाकांच्या मुलाचा फोन आला. “दादा, सहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आता एकतीस नावं आहेत. विहीर ढासळलीय. कोणी लक्ष देत नाही. सगळ्यांनी मिळून एकदा काय ते ठरवू. भाऊबिजेला या. आत्याबी येणार आहे.”

गेलो. मनात काही फार थोर विचार होते असे नाही. बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर मी आमचा वाटा काढला होता. सहा गुंठ्यांचा सातवा भाग. तो आम्हां तिघा भावंडांत वाटला की माझ्याकडे येतात शून्य दशांश २८५७१४ गुंठे. तेच आकडे! गुंठ्याचे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. म्हणजे माझी जागा सुमारे तीनशे अकरा चौरस फूट. दोन खोल्यांची. सोडायची की नाही, सोडली तर कशाच्या बदल्यात, याचा मी विचार करत होतो. हिशेबनिसाचे मन, दुसरे काय.

ओसरी तीच होती. चुलतभावाने कागद पुढे ठेवले. त्याने नकाशा काढला होता, नावांची यादी केली होती. मी त्याला १९६३ सालची गोष्ट सांगितली. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याच्या वहीवर मी हजाराला सातांनी भागू लागलो आणि माझ्या आकड्याचे कौतुक सांगू लागलो. तो मन लावून ऐकत होता.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. सातांवरची धाकटी ती. आता ऐंशी ओलांडलेली. डोळे बरे आहेत, कान थोडे कमी.

“अजून तेच का?” ती म्हणाली.

“तुला आठवतं, आत्या?”

“आठवंना तर काय. मीच कंदील धरला व्हता. हात भरून आला माझा, अन् तुमचा हिशेब काही सरंना.”

“सातांचा भागाकार सरतच नाही, आत्या. त्याची गंमतच ती आहे.”

“सातानं भागलं म्हणून सरंना,” आत्या म्हणाली. “आम्ही भावंडं आठ व्हतो.”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. चुलतभाऊ माझ्याकडे पाहू लागला. वहीच्या कडेला मी लिहिले: हजार भागिले आठ. एकशे पंचवीस. बाकी शून्य. ना दशांश, ना चक्र, ना उरलेले सहा गुंठे. ती शंभर रुपयांची आंब्याची किंमतसुद्धा! बारा रुपये पन्नास पैसे, आणि चार पैसे कोणाच्याच नावावर राहिले नसते.

साठ वर्षे मी त्या आकड्याचे सगळे गुण मोजले. त्याचे गुणाकार केले, वर्ग केले, तुकडे करून पुन्हा जोडले. भाजक बरोबर घेतला आहे का, एवढे मात्र मी कधी विचारले नाही. सात मुलगे, म्हणून सात. जी कंदील धरून उभी होती ती हिशेबात कुठेच नव्हती. २००५ सालच्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, तेव्हा मी वर्तमानपत्रात ते वाचले होते आणि “योग्यच आहे” असे मान हलवून म्हटलेही होते. तलवाडा काही मला आठवले नाही.

“आत्या,” मी विचारले, “तुला हे तेव्हाच सुचलं होतं?”

“सुचलं व्हतं की. तीन एकर पाच गुंठे. दुसऱ्या दिवशी तुला ते गोल काढून दिलं ना, त्याच्या बाजूला मांडलं व्हतं म्या.”

“मग?”

“मग काय. पायानं पुसलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते.

थोड्या वेळाने चुलतभावाने समोरचे कागद गोळा केले. “दादा, हे सहा गुंठे आत्याच्या नावावर करू या का?” तो म्हणाला. हे त्याला सुचले, मला नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे. मी म्हटले, “करू या.” आत्या आधी नको नको म्हणाली. “मला आता काय करायचीय जमीन? नदीला पाय लागले माझे.” मग काही वेळ ती विहिरीच्या बाजूला पाहत राहिली. आंबा अजून तिथे आहे. मग म्हणाली, “करताव तर करा. नाव लागू द्या एकदा.”

संध्याकाळी तिने आम्हां दोघांना ओवाळले. एकाच पाटावर दोघे चुलतभाऊ, नानांचा आणि बापूंचा. त्याच्या वडिलांनी धाडलेल्या आणि माझ्या वडिलांनी परत केलेल्या चौदा रुपये अठ्ठावीस पैशांबद्दल आम्ही काहीच बोललो नाही. बोलायला हवे असेही कोणाला वाटले नाही.

बक्षीसपत्र करायचे म्हणजे सगळ्यांच्या सह्या लागतात. माणसे चार गावी पांगलेली. कोणी म्हणतो, पुढच्या महिन्यात येतो. कोणी म्हणतो, आधी मोजणी होऊ द्या. एकाने तर विचारले, या आत्या कोण? एकतीसांपैकी बावीस सह्या झाल्या आहेत. मी दर रविवारी सकाळी यादी घेऊन फोनपाशी बसतो. हिने आता चहा थर्मासमध्ये ठेवायला सुरुवात केली आहे.

नऊ बाकी आहेत.